एक जूनची मुलं

आमच्या शाळेतल्या जवळजवळ निम्म्या मुलांचा वाढदिवस एक जूनला असायचा. एक जूनला शाळेला सुट्टी, त्यामुळे वर्गात गोळ्या वाटायचा प्रश्न कधी आला नाही. रजिस्टरमध्ये एकाखाली एक तीच तारीख लिहिताना माझा हात इतका सरावला होता, की पुढे पुढे मी मान वर न करताच लिहायचे. प्रवेशासाठी टेबल मांडून बसलं, की समोर एखादी बाई मुलाचा दंड धरून उभी राहायची. जन्मतारीख विचारली की ती नवऱ्याकडे बघायची आणि नवरा मुलाकडे. "पेरण्या चालल्या होत्या," नाहीतर "गणपतीच्या जरा आधी," असं काहीतरी उत्तर यायचं. पहिलीत बसवायला पाच वर्षं पूर्ण लागायची. मग आम्हीच पाच वर्षं मागे मोजायचो आणि एक जून टाकून मोकळे व्हायचो. सगळ्याच शाळा हे करायच्या. माझ्या मोठ्या भावाचाही वाढदिवस कागदावर एक जूनला आहे, आणि तो भर थंडीत जन्मला होता हे आमची आई येईल त्याला सांगायची.

हे आज लिहायला बसले त्याला कारण एक मुलगी आहे. तिच्याबद्दल मी आजवर कोणाकडे धड बोललेले नाही. बोलायला गेलं की मला माझाच राग येतो, आणि या वयात राग आला की पुढचे दोन दिवस डोकं दुखतं.

शाळा नालासोपाऱ्यात, तुळिंजला होती. चार मजली इमारतीचा तळमजला आणि पहिला मजला एवढी तिची हद्द. तळमजल्यावर दुकानांसाठी बांधलेले गाळे होते, त्यांत पहिली ते चौथी भरायची. शिपाई सकाळी शटर वर करायचा की वर्ग सुरू. पाचवी ते दहावी वर. प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी, मैदान नाही, अनुदान नाही. मुलांचे आईबाप नोकरीवाले होते. काही मुंबईला जाणारे, बरेचसे वालीवच्या कारखान्यांत. नव्वदचं दशक निम्म्याहून पुढे सरकलं होतं. दर जूनला आसपास एखादी नवी इंग्रजी शाळा उघडायची आणि आमच्या मुख्याध्यापकांचा चेहरा आणखी उतरायचा. यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे दारातला फळा. वर ऑइलपेंटने कायमचं 'विद्यार्थ्यांचे यश' असं लिहिलेलं, आणि खाली खडूने वर्षभराचं यश. ते यश आणायचं काम माझ्याकडे होतं.

खरं तर मी मराठी आणि इतिहास शिकवायचे. पण वक्तृत्व, हस्ताक्षर, चित्रकलेच्या परीक्षा, विज्ञान प्रदर्शन, पंधरा ऑगस्टचं लेझीम, काहीही निघालं की सर म्हणायचे, "बाई, तुम्ही बघा," आणि ते माझ्या गळ्यात पडायचं. वक्तृत्वाची भाषणं मीच लिहायचे. मुलं ती पाठ करायची आणि परीक्षक माझ्या भाषणाला तिसरा नंबर द्यायचे. पहिला नंबर मला कधीच मिळाला नाही. विज्ञान प्रदर्शनात एकच पवनचक्की आम्ही तीन वर्षं नवा रंग देऊन नेली. एका परीक्षकांनी ती ओळखली आणि "यंदा निळी का?" असं विचारलं. मुलांनी सांगितलं, बाईंनी सांगितलं म्हणून. अशा दिवशी घरी पोचले की चपला काढायचंही जिवावर यायचं. आत जाऊन कणीक मळायची असायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच शटर.

खो-खोचं खूळ मात्र माझं स्वतःचं होतं. लहानपणी मी रत्नागिरीकडच्या शाळेत खेळले होते. शिवाय खो-खोला बॅट लागत नाही, जाळी लागत नाही. दोन खांब आणि बारा मुली, एवढ्यावर भागतं. दोन खांब आम्ही मिळवले, मुली होत्याच. अडचण जागेची होती. शाळेच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर महिनाभर सराव केला, तेवढ्यात तिथे पाया खणला गेला. तेव्हा आमचा शिपाई मदतीला आला. तो निर्मळचा, घरची केळीची बाग असलेला. त्याच्या वाडीतली एक पट्टी नुकतीच मोकळी झाली होती. "बाई, केळ काढून टाकली," तो म्हणाला, "नवी लावीपर्यंत जमीन रिकामीच हाय. खेळू द्या पोरींना." मग दर शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर आम्ही एसटीने निर्मळला जायला लागलो. मुली मातीत लोळून लाल व्हायच्या, शिपायाची बायको प्रत्येकीच्या हातात एकेक केळं ठेवायची, आणि संध्याकाळी मी त्यांना पुन्हा मोजून एसटीत चढवायचे. माझा शनिवार असा जायचा. घरात कुरकुर होती आणि ती चूक नव्हती.

ती मुलगी नववीत होती. चौथीत असताना आईने तिला वर्षभर साताऱ्याकडे माहेरी ठेवलं होतं, त्यात एक वर्ष बुडलं, तरीही वर्गात सगळ्यांत लहान तीच दिसायची. उंचीने माझ्या कोपराला लागायची. वडील ती लहान असतानाच कुठेतरी निघून गेले होते. आई वालीवला प्लॅस्टिकच्या डब्यांना झाकणं बसवून ते खोक्यात भरायचं काम करायची. मुलगी अभ्यासात बेताची होती. पण खांबाजवळ पळणारी मुलगी आली की ही एका हाताने खांब धरून अशी काही आडवी सूर मारायची, की पळणारीला आपण कधी बाद झालो तेच कळायचं नाही. हे तिला मी शिकवलं नव्हतं. मला ते कधी जमलंच नव्हतं. ती पडायची, उठायची, गुडघा झटकायची आणि माझ्याकडे बघायची, बरोबर झालं का म्हणून. मी मान हलवायचे. मी मुलांचं तोंडावर कौतुक करणाऱ्यांतली नव्हते, आणि आता त्याचं वाईट वाटून काही उपयोग नाही.

त्या वर्षी नवरात्रानंतर आमच्या चौदा वर्षांखालच्या मुलींनी तालुक्याचे सामने जिंकले. आम्हालाच ते खरं वाटेना. मोठाल्या मैदानांच्या शाळांना आमच्या शटरवाल्या शाळेने हरवलं होतं. सामना संपल्यावर जिल्ह्याच्या निवड समितीतले एक गृहस्थ माझ्याजवळ आले. उन्हाची टोपी, काखेत वही, मोजकं बोलणारे. त्यांनी बोट दाखवून विचारलं, "ती बारकी कोण?" मी सांगितलं. ते म्हणाले, "तिला जिल्ह्याला खेळताना पुन्हा बघायचंय. मुलींच्या क्रीडा वसतिगृहासाठी दोन जागा आहेत. राहणं, जेवण, शिक्षण सगळं सरकारचं. पण जिल्ह्याला खेळायला हवी, आणि चौदाच्या आतच हवी. चौदाखालचं हे शेवटचं वर्ष असेल ना तिचं?"

मी हो म्हटलं. ते मी तिला आणि तिच्या आईला त्याच दिवशी सांगायला नको होतं. पण मी थकलेली असले तरी त्या दिवशी फार खूश होते, आणि सांगून बसले. आईने हातातलं काम बाजूला ठेवून मला दोनदा विचारलं, "जेवणखाणसुद्धा?" दुसऱ्या दिवसापासून मुलगी मधल्या सुट्टीत डबा खायच्या ऐवजी जिन्याच्या कठड्याला धरून सूर मारायचा सराव करायला लागली. तिला ओरडून खाली बसवावं लागायचं.

दहावी झाली की तिच्यासारख्या मुलींसाठी पुढची जागा ठरलेली होती, आईच्या शेजारची. हे आम्हा तिघींनाही माहीत होतं. वसतिगृह मिळालं तर ती सुटली असती.

तालुक्याला नुसती नावांची यादी आणि मुख्याध्यापकांची सही चालली होती. जिल्ह्याला वयाचे दाखले लागत होते, रजिस्टरमधला उतारा जोडून. दिवाळीची सुट्टी लागायच्या आधीचा आठवडा होता. मी ऑफिसात रजिस्टर घेऊन बसले आणि एकेकीची तारीख उतरवू लागले. नियम साधा होता. त्या वर्षीच्या एकतीस डिसेंबरला चौदा पूर्ण झालेली नसावीत. सात मुली एक जूनच्या निघाल्या, त्याचं मला हसू आलं. मग तिचं पान आलं. तीही एक जूनची. पण साल बघितलं आणि मी बोटांवर दोनदा मोजलं. कागदावर तिला जूनमध्येच चौदा पूर्ण झाली होती.

तिचा वाढदिवस संक्रांतीला असतो हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. दर वर्षी तिळगुळासोबत "बाई, माझा वाढदिवसपण आहे" असं ती सांगायची. सराव करताना कोणी वय विचारलं तर ती तेरा सांगायची, आणि ते तेराच होतं. येत्या संक्रांतीला चौदा पूर्ण होणार होती. पंधरा दिवसांनी का होईना, ती नियमात बसत होती. रजिस्टर उघडून खात्री करावी असं मला तोवर सुचलं नाही. तिच्याकडे बघून कोणाला वयाची शंका येणार?

पानावरचं अक्षर माझं होतं. पहिलीच्या प्रवेशाला तिला पाच पूर्ण व्हायला सात महिने कमी पडत होते, तेव्हा मी तिला सात महिने म्हातारी केली होती. आता ते सात महिने वसूल व्हायला आले होते.

सर टेबलापलीकडे बसून फळ्यासाठी मजकूर लिहीत होते. त्यांना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला, पुसला.

"दुरुस्ती करता येईल," मी म्हटलं. "शाळेने लिहून दिलं, की तारीख अंदाजाने घातली गेली, तर वरून परवानगी मिळते."

"पुरावा लागेल."

"दवाखान्याचा कागद असेल तिच्या आईकडे."

"कागद असेल तर पाठवू आपण. माझी ना नाही." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "पण कागद नसेल तर नुसतं शाळेच्या तोंडावर मी लिहून देणार नाही, बाई. एका मुलीची तारीख आम्ही अंदाजाने घातली असं म्हटलं की ते विचारतील, बाकीच्यांचं काय? मग काय सांगू? निम्मी शाळा एकाच दिवशी जन्मली असं सांगू?"

मला ओरडावंसं वाटलं. पण ते चुकीचं बोलत नव्हते. शाळेची मान्यता दर काही वर्षांनी नव्याने घ्यावी लागायची, आणि त्या कागदांच्या मागे हिंडताना त्यांची हाडं झिजलेली मी बघितली होती. ते वाईट माणूस असते तर मला सोपं गेलं असतं.

रविवारी सकाळी मी तिच्या घरी गेले. चाळीतली एक खोली, आई दारात तांदूळ निवडत बसलेली. मुलगी पाणी भरायला गेली होती. मला बघून आई उठली, स्टूल पुढे केलं, स्टोव्हवर चहा ठेवला. मी सरळ विचारलं, "हिच्या जन्माचा दवाखान्याचा कागद आहे का?"

"व्हता की," ती म्हणाली. "शाळंत घालाया आले तवा कागद घेऊनच आले व्हते. तुमी बघितला न्हाई का?"

"मी?"

"व्हय. तुमी वाचला आन म्हनालात, यात पाच भरत न्हाईत. हा कागद ठेवू नका. कुनाच्या हाताला लागला तर पोरीचं नाव काढतील." ती साखर घालत होती. "मग घरी आल्याबरोबर ह्याच स्टोव्हवर धरला. म्हटलं बाई सांगतात ते आपल्याच भल्याचं असनार."

मी कपाकडे बघत बसले. ते वाक्य मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पण ते माझंच आहे यात शंका नव्हती. जूनच्या गर्दीत, मागे रांग उभी असताना, मी तसंच बोलत असणार, आणि एकीलाच नव्हे. कोणी ऐकलं, कोणी सोडून दिलं असेल. या बाईने शब्द न शब्द ऐकला होता.

"लई उपकार झाले तुमचे," आई म्हणाली. "न्हाईतर त्या साली ही कुठं ऱ्हायली असती? कारखान्यात मशीनखाली बसायची माझ्यासंगं. एकदा केस अडकता अडकता वाचले. तुमी घेतलीत म्हनून."

तिच्या आवाजात एक कणही टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सहन केला असता. मी चहा प्यायले, आणि कागदाची आता गरज का पडली आहे ते तिला समजावून सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं, "म्हंजे म्या जाळायला नको व्हता?"

"तुमची काही चूक नाही," मी म्हटलं. हे वाक्य मी तिला तीनदा तरी सांगितलं असेल. तिला ते पटलं नाही. ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली आणि खड्यांबरोबर तांदूळही फेकायला लागली.

जिथे मुलगी जन्मली तो दवाखाना नालासोपाऱ्यातच, स्टेशनच्या अलीकडे होता. डॉक्टर कधीच गाव सोडून गेले होते आणि त्या जागी मिठाईचं दुकान लागलं होतं. सोमवारी मी रजा टाकून जन्मनोंदीच्या कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने चांगुलपणाने जुन्या ग्रामपंचायतीचं दप्तर काढलं, धूळ झटकली आणि त्या जानेवारीची पानं माझ्यासमोर बोट ठेवून एकेक ओळ वाचली. तिची नोंद नव्हती. नोंद करायला कोणी गेलंच नव्हतं. वडिलांनी जायचं असतं. "बाई, तुमची मुलगी का?" कारकुनाने विचारलं. मी नाही म्हटलं. शाळेतली, म्हटलं. त्याने मला पाणी दिलं.

अर्ज पाठवायचा शेवटचा दिवस मंगळवार होता. मधल्या सुट्टीत ऑफिसात कोणी नव्हतं. मी रजिस्टर काढून तिचं पान उघडलं. खोटं सांगत नाही, माझ्या हातात पेन होतं. सालातला शेवटचा आकडा चार होता. चाराचा पाच करायला कितीसा वेळ लागतो? पण रजिस्टरमध्ये तारीख आकड्यांत लिहिल्यावर पुढच्या रकान्यात अक्षरीही लिहावी लागते, आणि तिथे मी माझ्या सुवाच्य अक्षरात 'एक जून एकोणीसशे चौऱ्याऐंशी' असं लिहून ठेवलं होतं. त्याचं काही करता येण्यासारखं नव्हतं. तो रकाना नसता तर मी काय केलं असतं ते मला सांगता येत नाही. तत्त्व वगैरे काही माझ्या मनात नव्हतं, एवढं नक्की. सर आत आले, त्यांनी उघडं रजिस्टर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, डबा खाऊन घ्या. घंटा होईल."

मी बारा नावं लिहिली. तिच्या जागी आठवीतल्या एका थोराड मुलीचं नाव घातलं. ती गावाहून उशिरा आली होती आणि तिच्या दाखल्यावर वय बरंच कमी लागलं होतं. कागदावर ती साडेबाराची होती. खरी पंधराची तरी असावी. तिला मिशीची लव आली होती. तिचा दाखला बिनतक्रार पास झाला.

शनिवारी निर्मळला सराव संपल्यावर मी मुलीला बाजूला घेतलं. बाकीच्या केळी खात होत्या. मी तिला सांगितलं की ती यादीत नाही.

"पण बाई, माझा वाढदिवस संक्रांतीला असतो," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग शाळेला सांगा ना."

"शाळेच्या कागदावरच जून आहे. तो मी लिहिलाय. तू पहिलीत आलीस तेव्हा."

तिने विचार केला. तिच्या गुडघ्यावर माती वाळून तिला भेगा पडल्या होत्या, त्या ती नखाने काढत होती. "आईने कागद जाळला तो?" तिने विचारलं. आईने तिला सांगितलं होतं तर.

"जाळायला मीच सांगितला होता."

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. मी तयारीने गेले होते. पण तिने नुसतं "हं" केलं. मग म्हणाली, "तुम्ही नसतं घेतलं तर मी शाळेतच आले नसते ना त्या वर्षी." हे तिने आईचं ऐकलेलं बोलून दाखवलं की तिचं स्वतःचं होतं, कोण जाणे. थोड्या वेळाने ती उठली आणि त्या थोराड मुलीला खांबाशी घेऊन गेली. सूर मारताना पाय कुठे रोवायचा, हात कधी सोडायचा, हे तिला दाखवायला लागली. ती मुलगी दर वेळी पोत्यासारखी आपटत होती आणि ही तिला पुन्हा उठवत होती. मी एसटीची वेळ झाली तरी त्यांना थांबवलं नाही.

पुढे तिने दहावी केली, काठावर, आणि वालीवला आईच्याच कारखान्यात लागली. हे इथेच सांगून टाकते. शेवटासाठी राखून ठेवावं असं त्यात काही नाही.

जिल्ह्याच्या सामन्यांना आम्ही टेम्पोने गेलो. तिला नेऊ नये असं मला वाटत होतं. कशाला जिवाला लावून घ्यायचं? पण सकाळी ती शाळेच्या दारात सगळ्यांच्या आधी येऊन उभी होती, पाण्याचे दोन कॅन भरून. "बाई, पाणी कोण देणार?" ती म्हणाली. तिला परत पाठवायला माझ्यात त्राण नव्हतं. रस्ताभर ती त्या थोराड मुलीच्या शेजारी बसून काहीतरी समजावत होती.

पहिला सामना आम्ही जिंकलो. दुसऱ्यात दोन गुणांनी हरलो. खांबाजवळ तीन गडी हातचे निसटले, हे मैदानावरच्या प्रत्येकाला दिसलं. ती दोरीच्या बाहेर कॅनजवळ उभी होती. पहिल्या गड्याला ती जागच्या जागी वाकली, जणू तीच सूर मारणार आहे. दुसऱ्याला तिने डोळे मिटले. तिसऱ्याला ती मान फिरवून माझ्याकडे बघायला लागली. सामना संपल्यावर तिने रडणाऱ्या मुलींना पाणी दिलं. त्या थोराड मुलीला सगळ्यांत आधी.

मी चपला गोळा करत होते. मुली मैदानात उतरताना चपला दोरीबाहेर टाकून जातात आणि नंतर एकीची एकीला सापडत नाही, म्हणून दर वेळी ते काम मीच करायचे. तेवढ्यात निवड समितीतले ते गृहस्थ आले. तीच टोपी, काखेत तीच वही. त्यांनी तिला ओळखलं. माझ्यापासून दोन हातांवर थांबून त्यांनी तिलाच विचारलं, "काय गं, आज उतरली नाहीस? मी वाट बघत होतो."

तिने कॅन खाली ठेवला आणि शिक्षकांसमोर राहतात तशी सरळ उभी राहिली. "मी वयात बसत नाही, सर."

"वयात?" त्यांनी तिच्याकडे पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं. बघायला फार वेळ लागावा एवढी ती नव्हतीच. "केवढी आहेस तू?"

"मोठी आहे मी," ती म्हणाली. "दिसत नाही एवढंच."

"तालुक्याला तर खेळलीस."

"तेव्हा माझ्या लक्षात नव्हतं, सर. मीच वय चुकीचं सांगितलं बाईंना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना शंका आली असावी, कारण त्यांची नजर बराच वेळ माझ्यावर होती. मी एक वाक्य बोलायला हवं होतं. तारीख मी लिहिली, कागद मी जाळायला लावला, ही मुलगी तेराच वर्षांची आहे. त्यांना ते कदाचित पटलं असतं. कदाचित त्यांनी काही मार्ग सांगितला असता. तालुक्याची जीत, सरांचा फळा, मान्यतेचे कागद, माझी नोकरी, हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं आणि मी खाली वाकून चपलांच्या जोड्या लावत राहिले.

"असं होय," ते म्हणाले. त्यांनी वहीत काहीतरी खोडलं आणि पलीकडच्या मैदानाकडे निघून गेले.

ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि चपला लावायला लागली. एक जोडी लावून झाल्यावर तिने हळूच विचारलं, "बरोबर बोलले ना, बाई?"

"हो," मी म्हणाले.